समुद्राकांठचीं क्रीडांगणें

मुंबईस चर्चगेटहून सुटणाऱ्या आगगाडीच्या डाव्या खिडकीशीं बसणारास चर्नी रोडचें स्टेशन येईपर्यंत एकामागून एक क्रीडांगणें लागतात. वानखेडे स्टेडियमच्या उंच भिंती, विद्यापीठाचें मैदान, पोलिसांचा जिमखाना, आणि हिंदु, मुसलमान, पारशी व कॅथॉलिक या चार समाजांच्या नांवाचे जिमखाने, हे सर्व याच पट्टींत वसलेले आहेत. त्यांच्या पलीकडे मरीन ड्राइव्हचा रुंद रस्ता, आणि रस्त्यापलीकडे बॅक बेचा समुद्र. ज्या शहरांत वीतभर जागेसाठीं माणसें जन्मभर पैसा सांठवितात, त्या शहरांत समुद्राच्या अगदीं तोंडाशीं एवढी जमीन केवळ खेळण्यासाठीं कशी राहिली, आणि तिच्यावर धर्माच्या नांवांच्या पाट्या कशा लागल्या, हें आपल्यांतील पुष्कळ तरुणांस ठाऊक नसतें. महोत्सवाच्या या स्मरणिकेंत तो वृत्तांत सादर करण्याचें कारण इतकेंच कीं, त्या जमिनींत आपल्या समाजाचाही वांटा आहे. आणि वांटा आला कीं त्याबरोबर जबाबदारीही येतेच.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ही पट्टी पूर्वीं नव्हतीच. इंग्रजांच्या किल्ल्याच्या तटाबाहेर एक विस्तीर्ण मोकळें रान होतें व त्याच्या पश्चिम कडेस समुद्र होता. या रानास एस्प्लनेड म्हणत. शत्रु चालून आल्यास किल्ल्यावरील तोफांपुढें कसलाही आडोसा राहूं नये, म्हणून तेथें घर, झाड, देऊळ कांहीं ठेवावयाचें नाहीं असा कंपनी सरकारचा दंडक होता. या दंडकाची झळ आपल्या पूर्वजांस प्रत्यक्ष लागली. ‘नोस्सा सिन्योरा दा इस्पेरान्सा’, म्हणजे आशेची माता, हिचें पोर्तुगीजांच्या वेळचें देऊळ या रानांत होतें. सन १७६० च्या सुमारास सरकारनें तें पाडविलें, व पुढें भुलेश्वर येथें नवें देऊळ उभें राहिलें. मुंबईचीं मैदानें ज्या मोकळ्या जागेंतून निर्माण झालीं, तिच्यांत अशा रीतीनें एका वेदीचीही जागा मिसळलेली आहे. क्रॉस मैदान हें नांव ज्या जुन्या दगडी क्रूसावरून पडलें, तो क्रूस मात्र अद्याप तेथें उभा आहे, व त्यापुढें मेणबत्त्या लावणारे भाविकही आहेत.

सन १८६० नंतर किल्ल्याचा तट पाडण्यांत आला. नवे रस्ते निघाले आणि एस्प्लनेडचे तुकडे झाले. आज आपण ज्यांस आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज म्हणतों, तीं याच एका रानाचीं चार लेकरें होत. त्याच सुमारास समुद्रावरही माणसाची दृष्टि गेली. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसास सोन्याचा भाव आला होता. त्या पैशाच्या धुंदींत बॅक बे बुजवून जमीन काढण्यासाठीं एक कंपनी निघाली, आणि तिच्या भागांवर शहरानें अक्षरशः उड्या टाकल्या. १८६५ सालीं अमेरिकेंतील युद्ध संपलें, कापसाचा भाव कोसळला, आणि ती कंपनी व तिच्याबरोबर कित्येक नामांकित पेढ्या बुडाल्या. तिनें आरंभिलेलें काम अर्धवट राहिलें. तथापि किनाऱ्याकांठानें लोहमार्ग गेला, १८७० सालीं चर्चगेटचें स्टेशन उघडलें, आणि रुळांच्या व समुद्राच्या मध्यें भरावाची एक लांबट पट्टी उरली. तीच पुढें केनेडी सी-फेस या नांवानें ओळखली जाऊं लागली. लोभानें आरंभिलेल्या कामाच्या अवशेषांतून लेकरांस खेळावयास जागा मिळावी, ही ईश्वरी योजनाच म्हणावयाची!

आतां खेळाकडे वळूं. हिंदी लोकांपैकीं क्रिकेटची बॅट प्रथम पारश्यांनीं हातीं घेतली. त्यांचा पहिला क्लब १८४८ सालीं निघाला. पारश्यांचें पाहून हिंदु व मुसलमान तरुणही खेळूं लागले. हे सर्व एस्प्लनेडवर खेळत. १८७५ सालीं युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना तेथेंच स्थापन झाला. त्याच्या आंत हिंदी मनुष्यास सभासद म्हणून प्रवेश नव्हता. त्या जिमखान्याची क्रिकेटची जागा राखीव व सुरक्षित असे. परंतु त्याचे पोलो खेळणारे साहेब मात्र घोडे घेऊन एतद्देशीयांच्या जागेवर येत. टापांनीं हिरवळ उखडे, जमिनींत खड्डे पडत, आणि चेंडू कोठें उसळेल याचा नेम राहत नसे.

तेव्हां १८८१ सालापासून हिंदी खेळाडूंनीं सरकारकडे अर्जांवर अर्ज केले. शापूरजी सोराबजी नांवाच्या एका पारशी गृहस्थानें या कामीं पुढाकार घेतला, व पुढें क्रिकेटच्या इतिहासाचें एक पुस्तक लिहून ही सर्व हकीकत नमूद करून ठेविली. वाचकांनीं लक्षांत ठेवण्याजोगी गोष्ट ही कीं, या चळवळींत हिंदु, पारशी व मुसलमान या सर्वांच्या सह्या एकाच अर्जावर झाल्या होत्या. त्यांचें मागणें एकच होतें: सर्वांच्या खेळाचें मैदान घोड्यांपासून वांचवा. एस्प्लनेडचा प्रश्न वर्षानुवर्षें रेंगाळला. अखेर सरकारनें दुसरी वाट काढली. समुद्राकांठच्या नव्या पट्टींतील तुकडे एकेका समाजास वेगवेगळे द्यावयाचे, म्हणजे एस्प्लनेडवरील साहेबांच्या खेळास धक्का नको. पारशी जिमखाना १८८५ सालीं स्थापन झाला होता, त्यास येथें जागा मिळाली. पुढें १८९० ते १८९५ पर्यंत मुंबईचे गव्हर्नर असलेले लॉर्ड हॅरिस, जे स्वतः इंग्लंडच्या संघाचे कर्णधार होऊन गेले होते, त्यांच्या कारकीर्दींत हिंदूंनीं व मुसलमानांनींही जागेची मागणी केली. परमानंददास जीवनदास यांच्या नांवाचा हिंदु जिमखाना १८९४ सालीं निघाला, आणि इस्लाम जिमखानाही त्याच दशकांतला. लोकांनीं मैदान मागितलें तें एकत्र, आणि त्यांस मिळालें तें वांटून.

जशी जमीन वांटली तसा खेळही वांटला गेला. १८९२ पासून युरोपियन व पारशी यांचे सामने दरसाल होऊं लागले. १९०७ सालीं हिंदूंचा संघ आला व सामने तिरंगी झाले. १९१२ सालीं मुसलमानांचा संघ आला व ते चौरंगी झाले. या सामन्यांच्या दिवसांत मुंबईंतील बाजारपेठा ओस पडत, झाडांवर व घरांच्या छपरांवर माणसें चढत. जातीजातींत चुरस वाढविणारे हे सामने होत, यांत संशय नाहीं. परंतु खेळाचें मैदान ही एक चमत्कारिक जागा आहे. तेथें कुंपण घालणारा एक हेतु धरून कुंपण घालतो, आणि चेंडू त्याच्या हेतूस न विचारतां पलीकडे जातो.

याचें उत्तम उदाहरण पळवणकर बाळू यांचें. हे चांभार समाजांतील. पुण्यास साहेबांच्या जिमखान्यांत खेळपट्टीची निगा राखतां राखतां व साहेबांस चेंडू टाकतां टाकतां ते असे तरबेज झाले कीं, पुण्याच्या उच्चवर्णीय हिंदु खेळाडूंस त्यांच्यावांचून चालेना. मैदानावर त्यांच्या हातचा चेंडू सर्वांस चाले. पण चहाच्या वेळीं त्यांनीं बाहेर बसावयाचें व मातीच्या भांड्यांतून निराळा चहा प्यावयाचा, असा तेव्हांचा रिवाज. तेथून ते मुंबईस आले व समुद्राकांठच्या हिंदु जिमखान्यातर्फे खेळूं लागले. १९०६ सालीं हिंदूंनीं युरोपियनांचा १०९ धावांनीं पराभव केला, त्या सामन्यांत बाळूंनीं ८ गडी बाद केले. १९११ सालीं हिंदी संघ विलायतेस गेला, तेथें त्यांनीं ११४ गडी बाद केले. एवढें होऊनही संघाचें नेतृत्व त्यांस मिळालें नाहीं. तें मिळालें त्यांचे धाकटे बंधु विठ्ठल यांस, आणि तेंही १९२३ सालीं. त्या वर्षीं विठ्ठल यांच्या नेतृत्वाखालीं हिंदूंनीं चौरंगी सामने जिंकले. ज्या घराण्याच्या माणसास एके काळीं चहाच्या पंक्तीस घेतलें नव्हतें, त्याच घराण्याच्या माणसाच्या पाठीमागून सवर्ण खेळाडू मैदानांत उतरले. जिमखान्याची पाटी एका समाजाची होती. पण त्या समाजास आपल्या घरांतील अन्यायाकडे पाहावयास लावणारें मैदानही तेंच ठरलें.

आतां आपल्या समाजाकडे येऊं. मुंबई, साष्टी व वसई येथील मराठी बोलणाऱ्या मूळच्या कॅथॉलिकांनीं ईस्ट इंडियन हें नांव धारण करून १८८७ सालीं आपली संस्था स्थापिली. तिच्याखेरीज गोंयकार व मंगळूरकर बांधवही मोठ्या संख्येनें या शहरांत राहत आले. गिरगांवांतील खोताच्या वाडींतून, कावेलच्या गल्ल्यांतून व धोबी तलावाच्या क्लबांतून राहणाऱ्या या लोकांस समुद्राकांठचीं मैदानें म्हणजे घराचें आंगणच होतें. १९१२ सालीं, म्हणजे सामने चौरंगी झाले त्याच सालीं, कॅथॉलिक जिमखाना निघाला. पण आपली पाटी लागली तरी त्या प्रसिद्ध सामन्यांत आपला संघ नव्हता. पारश्यांचा रंग होता, हिंदूंचा होता, मुसलमानांचा होता; हिंदी ख्रिस्त्यांचा रंग त्या चौरंगांत नव्हता.

त्यांचा पराक्रम दिसला तो दुसऱ्या खेळांत. कूपरेजवर १८९१ सालापासूनच्या रोव्हर्स चषकाचे फुटबॉलचे सामने रंगत, व त्यांस आपल्या वाड्यांतून गर्दी लोटे. हॉकीची तर गोष्टच नको. १९४८ सालीं लंडन येथील ऑलिंपिक सामन्यांत स्वतंत्र भारतानें आपलें पहिलें सुवर्णपदक हॉकींत मिळविलें, व अंतिम सामन्यांत ब्रिटनच्या संघावर ४ विरुद्ध ० असा विजय संपादन केला. त्या संघांत लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, मॅक्सी वाझ, लॉरी फर्नांडिस व रेजिनाल्ड रॉड्रिग्ज असे मुंबईचे कॅथॉलिक खेळाडू होते. ते लंडनास कॅथॉलिकांचा संघ म्हणून गेले नव्हते. देशाचा संघ म्हणून गेले होते. त्यांच्या अंगावरील रंग सर्वांचा होता.

मध्यंतरीं समुद्र आणखी हटला होता. गव्हर्नर लॉर्ड लॉइड यांच्या अमदानींत, १९२० च्या सुमारास, बॅक बे बुजविण्याची मोठी सरकारी योजना सुरूं झाली. अंदाज चुकले, खर्च भरमसाट वाढला, चिखल ओतावा व लाटेनें तो नेावा असा प्रकार झाला. वीर खुरशेदजी नरिमन यांनीं या कारभारावर कडक टीका केली व त्यापायीं कोर्टाची पायरीही चढले. योजनेचा कांहीं भागच पुरा झाला; परंतु त्यामुळें मरीन ड्राइव्ह व त्याच्या दक्षिणेकडील नवी वस्ती उभी राहिली. समुद्र बुजविण्याच्या कारभारावर टीका करणाऱ्या नरिमन यांचें नांव पुढें त्याच समुद्रांत काढलेल्या भूमीस, नरिमन पॉइंटास, मिळालें. इतिहासासही विनोदबुद्धि असते ती अशी.

या नव्या भूमीवर चर्चगेटजवळ ब्रेबोर्न स्टेडियम बांधण्यांत आलें. १९३३ सालीं स्थापन झालेल्या क्रिकेट क्लब ऑफ इंडियाचें तें घर. त्यासाठीं गव्हर्नर लॉर्ड ब्रेबोर्न यांच्याकडून जागा मिळविण्यांत मुख्य खटपट अँथनी डिमेलो यांची. हे कराचीच्या कॅथॉलिक समाजांतील गृहस्थ, व हिंदुस्थानच्या क्रिकेट मंडळाच्या संस्थापकांपैकीं एक. १९३६ सालीं पाया घातला गेला आणि १९३७ च्या डिसेंबरांत लॉर्ड टेनिसन यांच्या विलायती संघाशीं तेथें सामना झाला. खांबांचा अडथळा न होतां हजारों लोकांस खेळ दिसावा असें स्टेडियम या देशास तेव्हां नवीन होतें.

त्याच १९३७ सालीं सामने पंचरंगी झाले. हिंदी ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन, बौद्ध अशा ज्यांस कोठेंच जागा नव्हती अशा सर्वांचा मिळून एक पांचवा संघ करण्यांत आला व त्यास ‘रेस्ट’, म्हणजे ‘उरलेले’, असें नांव देण्यांत आलें! नांव कांहीं गौरवाचें नव्हे. गंमत अशी कीं, नव्या स्टेडियमांतील खुर्च्यांची वांटणी मनासारखी झाली नाहीं म्हणून त्या पहिल्याच वर्षीं हिंदूंचा संघ सामन्यांतून बाहेर राहिला. जागेसाठीं समुद्र हटविला, आणि खुर्च्यांसाठीं माणसें रुसलीं.

‘उरलेल्यां’च्या संघानें हे सामने कधींच जिंकले नाहींत. तथापि १९४३ च्या डिसेंबरांत ब्रेबोर्नवर जें घडलें तें जिंकण्याहून मोठें होतें. अंतिम सामना हिंदूंशीं होता. विजय मर्चंट यांच्या नाबाद २५० धावांच्या बळावर हिंदूंनीं ५ गडी गमावून ५८१ धावा केल्या. ‘रेस्ट’चा पहिला डाव १३३ धावांत आटोपला व त्यांस पुनः फलंदाजीस यावें लागलें. तेव्हां सांगलीचे विजय हजारे उभे राहिले. मराठी ख्रिस्ती कुटुंबांतले, शाळामास्तरांचे चिरंजीव. कॅथॉलिक नव्हेत, पण भाषेनें आपले सख्खे भाऊ. एका बाजूनें गडी पडत होते. सहाव्या गड्यासाठीं त्यांचे बंधु विवेक त्यांच्या जोडीस आले, आणि त्या दोघांनीं ३०० धावांची भागी केली, तींत विवेक यांच्या धावा होत्या २१! विवेक यांनीं धावा केल्या नाहींत. त्यांनीं भावासाठीं दुसरें टोंक धरून ठेविलें. डाव ३८७ धावांत संपला, त्यांपैकीं ३०९ एकट्या हजारे यांच्या. सामना एक डाव व ६१ धावांनीं गेला. पण त्या दिवशीं हिंदु, मुसलमान, पारशी अशा सर्व प्रेक्षकांस जो खेळाडू आठवणींत घेऊन घरीं जावेंसें वाटलें, तो ‘उरलेल्यां’पैकीं होता.

धर्मवार संघांची ही रीति योग्य नाहीं असें म्हणणारे लोक वाढत होते. १९४० सालीं हिंदु जिमखान्याची मंडळी सल्ला विचारण्यास वर्ध्यास गेली असतां महात्मा गांधींनीं खेळांत जातीय संघांचें स्थान आपणांस समजत नाहीं असा अभिप्राय दिला. तरी सामने आणखी कांहीं वर्षें चालले, आणि १९४६ च्या आरंभीं ते कायमचे संपले. १९४८ सालीं डॉ. कांगा यांच्या नांवाची साखळी स्पर्धा सुरूं झाली. पावसाळ्यांत ओल्या मैदानांवर होणाऱ्या या सामन्यांत याच जिमखान्यांचीं मैदानें सर्व क्लबांस, सर्व धर्मांच्या मुलांस उपयोगी पडूं लागलीं. पाट्या त्याच राहिल्या, खेळणारे मिसळले.

भांडणें मात्र सर्वस्वीं संपलीं नाहींत. कसोटी सामन्यांच्या तिकिटांच्या वांटणीवरून क्रिकेट क्लब ऑफ इंडिया व बॉम्बे क्रिकेट असोसिएशन यांच्यांत वितुष्ट आलें, आणि असोसिएशनचे अध्यक्ष शेषराव वानखेडे यांनीं ब्रेबोर्नपासून हांकेच्या अंतरावर दुसरें स्टेडियम उभारलें. १९७५ च्या जानेवारींत वेस्ट इंडीजशीं तेथें पहिला कसोटी सामना झाला. पुनः खुर्च्याच! पण २ एप्रिल २०११ रोजीं त्याच वानखेडे स्टेडियमवर भारतानें श्रीलंकेस हरवून विश्वचषक जिंकला, त्या रात्रीं मरीन ड्राइव्हवर लोटलेल्या अफाट समुदायांत कोणी कोणास जात वा धर्म विचारला नाहीं.

आणि आपली वेदी? तीही एकदां परत आली. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरांत आंतरराष्ट्रीय युकॅरिस्टिक काँग्रेस मुंबईस भरली, ती ओव्हल मैदानावर. भारताचे पहिले कार्डिनल वॅलेरियन ग्रेशियस हे त्या वेळीं मुंबईचे आर्चबिशप होते. पोप सहावे पॉल २ डिसेंबर रोजीं येथें आले. भारतभूमीवर पाऊल ठेवणारे ते पहिलेच पोप. ज्या एस्प्लनेडवरून दोन शतकांपूर्वीं आपलें देऊळ हलविण्यांत आलें होतें, त्याच रानाच्या एका तुकड्यावर लाखों लोकांसमक्ष पवित्र मिस्सा झाली, आणि तिच्या दर्शनास आलेल्यांत अन्य धर्मांचे बांधव अगणित होते. काँग्रेस संपली, मंडप उतरला, व पोरें पुनः तेथें यष्ट्या रोवून खेळूं लागलीं. कोणास त्यांत विसंगति वाटली नाहीं, आणि वाटण्याचें कारणही नव्हतें.

२०१८ सालीं ओव्हल व मरीन ड्राइव्हच्या भोंवतालच्या इमारतींस युनेस्कोनें जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. २०२४ सालीं मरीन ड्राइव्हच्या उत्तर टोंकापासून मलबार हिलच्या पोटांतून वरळीकडे जाणारा नवा सागरी रस्ता खुला झाला. शहर वाढतें आहे, व मोकळ्या जागेकडे सर्वांचे डोळे आहेत. जिमखान्यांची जमीन त्या त्या समाजानें विकत घेतलेली नाहीं. ती सरकारी जमीन आहे, म्हणजे अखेर सर्व जनतेची आहे, व भाडेपट्ट्यानें सांभाळावयास दिलेली आहे. तिच्यावर लग्नाचे मांडव किती दिवस असावे आणि मुलांचे पाय किती दिवस पडावे, हा हिशेब प्रत्येक जिमखान्यानें, आपल्याही, प्रामाणिकपणें ठेविला पाहिजे.

आपल्या धर्मग्रामांतील किती मुलांस आज संध्याकाळीं धांवावयास जागा आहे? देवळाच्या आवारांत वाहनें उभीं राहतात, शाळेच्या पटांगणांत नव्या इमारती उठतात. महोत्सवाच्या निमित्तानें आपण पुष्कळ संकल्प सोडतों. त्यांत एक संकल्प असा असावा कीं, जी मोकळी जागा आपल्या हातीं आहे ती मोकळीच ठेवूं, आणि तिच्या फाटकाशीं शेजारच्या चाळींतील मूल चेंडू घेऊन उभें राहिलें तर त्याचा धर्म न विचारतां त्यास आंत घेऊं. दीडशें वर्षांपूर्वीं मुंबईच्या खेळाडूंनीं एका अर्जावर सह्या करून जें मागितलें होतें, तें इतकेंच होतें.